रोबोला आधी टाकीत उतरवा

पूर्वी आमच्या मेढ्यात कुणाच्या घराचा स्लॅब असला की सकाळी सहालाच सगळी गल्ली जागी व्हायची. चाळीस-पन्नास माणसं कामाला. खाली खडी, वाळू, सिमेंटचा ढीग, वरपर्यंत परांची, आणि परांचीवर बायकांची रांग. भरलेलं घमेलं या हातातून त्या हातात असं वर चढायचं, रिकामं खाली यायचं. दुपारी घरमालकाकडून जेवण. शेजारच्या शिंद्यांकडे नारळ फुटायचा, आमच्याकडे बुंदीवर फातिहा दिली जायची. संध्याकाळी त्या बायकांच्या माना अवघडलेल्या असत, पण पदराच्या गाठीत रोख पैसे असत.

मग लिफ्टवाला मिक्सर आला. आता दहा-पंधरा माणसांत दुपारपर्यंत स्लॅब पडतो. परांचीवरची रांग गेली. त्या बायकांपैकी काही शेतात खुरपणीला जातात, काही घरीच बसल्या. घमेली वाहणं चांगलं काम होतं असं मी म्हणणार नाही. मानेचं दुखणं घेऊन म्हाताऱ्या झालेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण मशीन आलं ते त्यांच्या मानेसाठी नाही. ते घरमालकाचा खर्च आणि ठेकेदाराचा दिवस वाचवायला आलं. बांधकामात रोबो येणार, या बातमीकडे मी याच मिक्सरवरून बघतो.

नववीच्या वर्गात बंगळुरूच्या पोस्ट ऑफिसची माहिती सांगत होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे १,०२१ चौरस फुटांचं पोस्ट ऑफिस सुरू झालं. त्याच्या भिंती यंत्राने थरावर थर काँक्रीट सोडत छापल्या, आणि काम ४३ दिवसांत झालं. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, मग अब्बाचं सेंट्रिंग बंद होणार?" त्याचे वडील सेंट्रिंगचं काम करतात. मी सांगितलं, इतक्यात नाही. त्या यंत्राला सपाट, मोकळी जागा लागते. आपल्याकडे उतार, बोळ आणि जावळीचा पाऊस. शिवाय भिंत छापली तरी सळई बांधायला, नळ बसवायला, ओळंबा धरायला माणूस लागतोच. जपानमधल्या कंपन्यांनी १९८० च्या दशकातच बांधकामावर रोबो आणले, तरी तिथला गवंडी संपला नाही. मुलाचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण सेंट्रिंगवाल्याच्या जिवाला खरा धोका रोबोचा नाहीच.

९ मार्च २०२५, रविवार. रमजान चालू होता. मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीची जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला मजूर उतरले. चार जण गुदमरून गेले. चौघांचंही आडनाव शेख.

पाण्याच्या टाकीत माणूस कसा मरतो, हे बऱ्याच जणांना कळत नाही. गटार नाही, घाण नाही, मग विष कुठलं? नव्या टाकीत सेंट्रिंगच्या फळ्या आत राहिलेल्या असतात, तळाला पाणी साचतं, झाकण बंद असतं. लाकूड कुजताना आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वास येत नाही, खोकला येत नाही. शिडीवरून खाली गेलेला माणूस थोड्याच वेळात कोसळतो. वरचा हाका मारतो, उत्तर नाही, म्हणून तो उतरतो. मग तिसरा. अशा अपघातांत मेलेल्यांत निम्मेअधिक जण दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात, असं बातम्या वाचताना वाटत राहतं. सेप्टिक टँकचं आणखी वाईट. तिथला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि उतरणाऱ्याला वाटतं आता हवा ठीक आहे.

२०१५ च्या नोव्हेंबरात केरळमध्ये कोझिकोडला असंच झालं होतं. दोन कामगार मॅनहोलमध्ये पडले, त्यांना काढायला एक रिक्षावाला उतरला आणि तिघेही गेले. पुढे केरळच्याच तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' नावाचा रोबो केला आणि २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. माणूस वर पडद्यासमोर उभा राहतो, यंत्र पाय पसरून खाली उतरतं आणि गाळ बादलीत भरून वर देतं. आयआयटी मद्रासने खास सेप्टिक टँकसाठी 'होमोसेप' बनवलं. त्याची पाती आत गेल्यावर फिरतात, घट्ट झालेला मैला पातळ करतात आणि तो वर ओढून घेतात. मला छापलेल्या पोस्ट ऑफिसपेक्षा या दोन यंत्रांचं कौतुक जास्त आहे.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पाण्याची टाकी मात्र त्या कायद्यात बसत नाही. बांधकाम मजुरांच्या नियमांत बंदिस्त जागेची काळजी घ्यायला सांगितलंय, पण छोट्या साइटवर ते नियम वाचणारा मुकादम मला अजून भेटायचा आहे. नव्वद दिवसांचा दाखला देऊन मंडळाची पेटी मिळते, त्यात हेल्मेट असतं. टाकीत हेल्मेटचा काय उपयोग?

या तालुक्याला खरं तर हे नव्याने सांगायला नको. जावळी-पाटणची माणसं मुंबईत पाठीवर गोण्या वाहायला गेली. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या लढ्यानंतर १९६९ चा माथाडी कायदा आला. गोणी पाठीवरून उतरली नाही, पण नोंद झाली, मंडळ झालं, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. परांचीवरच्या बायकांना यातलं काही मिळालं नाही. म्हणूनच त्या कधी कामावरून गेल्या, याची कुठे नोंदही नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या सेंट्रिंगवाल्या चाचांना मी रोबोचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आने दे ना मास्तर, पन पयले उसकू टाकीमें उतारो. दीवाल हम बांध लेंगे."

बँडिकूट मेढ्याला लगेच येणार नाही, आणि टाकीतल्या फळ्या काढणारा रोबो तर लांबच. पण टाकीसाठी रोबोच हवा असंही नाही. झाकण आदल्या दिवशी उघडायचं, पाइप लावलेल्या ब्लोअरने आत ताजी हवा सोडत राहायचं, मीटरने ऑक्सिजन बघायचा, उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर बांधायचा आणि दोराचं टोक धरून एक माणूस वर बसवायचा. तो काही झालं तरी आत उतरणार नाही, हे त्याला आधीच बजावायचं. पट्टा, दोर आणि ब्लोअर मिळून घराच्या गेटपेक्षा स्वस्त पडतात.

मशिदीची जमिनीखालची टाकी दरवर्षी रमजानच्या आधी, शाबानच्या शेवटच्या आठवड्यात धुतात. मोहल्ल्यातली सोळा-सतरा वर्षांची पोरं सवाबचं काम म्हणून हौसेने उतरतात. जुम्म्यानंतर ट्रस्टींकडे मी ब्लोअरचा विषय काढला. एक जण म्हणाले, "इतकी वर्षं पोरं उतरतायत, काही झालं का?" दुसऱ्यांनी ब्लोअरचं भाडं विचारलं. मी आकडा सांगितला. पुढच्या जुम्म्याला बैठक आहे.