तेल जास्त, नेम कमी

फिटरला वंगणातलं कळतं, असं सगळे धरून चालतात. मीही तसाच चालत होतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथ आणि गिअरबॉक्स यांच्यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर कल्याणला घराजवळच्या 10 मीटरच्या एअर रायफल रेंजवर बंदुकांची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा कुणी काही विचारलं नाही. ‘काकांना तेलपाणी कळतं’ एवढ्या भांडवलावर मुलांच्या महागड्या रायफली माझ्या टेबलावर येऊ लागल्या. त्या टेबलावर मी काय काय बिघडवलं, ते सांगायला हवं. 2024च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवल्यापासून नवी मुलं येताहेत, आणि त्यांच्यामागून तेलाची बाटली घेऊन त्यांचे वडीलही.

पहिली चूक प्रमाणाची. कारखान्यात तेल कमी पडलं तर शिव्या, जास्त झालं तर कॉटन वेस्टने पुसायचं, एवढाच हिशेब. ते तिथे बरोबरही होतं. शाफ्ट वेगाने फिरतो तेव्हा तो स्वतःच तेल ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू लागत नाही. बंदुकीच्या ट्रिगरचे भाग मात्र केसभर सरकतात आणि थांबतात. तेवढ्यात तेलाचा थर तयारच होत नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना घासतातच, आणि पृष्ठभागाला चिकटलेला अगदी पातळ लेप तेवढा कामाला येतो. बाकीचं तेल धूळ आणि शिशाची भुकटी गोळा करत बसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बंदूक हे वेगळं यंत्र आहे, हेच डोक्यात शिरलं नव्हतं.

आमच्या जुन्या स्प्रिंगच्या रायफलीत मी नळीच्या मागच्या भोकातून तेल सोडत असे. दुर्गाडीच्या नवरात्रातल्या जत्रेत फुगेवाले तसंच करताना लहानपणापासून पाहिलेलं. त्यांच्या बंदुकीत दट्ट्याला चामड्याचा वॉशर असतो, तो वाळू नये म्हणून थेंबभर तेल लागतं. आमच्या रायफलीचं सील प्लास्टिकचं. मी तेल घातलं आणि छर्रा सुटताना काडकन आवाज आला, जळक्या तेलाचा वास सुटला. मी खूश! बंदुकीत जोर आला म्हणून. प्रत्यक्षात दट्ट्या पुढे धावताना हवा इतकी दाबली जाते की तिचं तापमान काही शे अंशांवर जातं. डिझेल इंजिनात होतं तसं तेल पेट घेतं. वेग मोजायच्या यंत्रावर पाहिलं तर प्रत्येक फैरीचा आकडा निराळा. कागदावर छर्रे कुठेही जात होते, आणि मी मुलांना सांगत होतो, श्वास सांभाळा. पुढे सील जळालं, स्प्रिंगही तुटली.

हीच खोड मी हवेच्या सिलिंडरच्या रायफलींना लावणार होतो. त्यात 200 बार दाबाची हवा भरलेली असते. सिलिंडरच्या आट्यांना मशीनचं ग्रीस चोपडायला घेतलं, तेव्हा शेजारी बसलेल्या प्रशिक्षकांनी माझा हात धरला. इतक्या दाबाच्या हवेत पेट्रोलियमचं ग्रीस म्हणजे पेटायला तयार असलेलं इंधन. तिथे ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, तेही बोटाला जेमतेम लागेल एवढं. मग मी उत्साहाने तेच सिलिकॉन ट्रिगरलाही लावलं. रबराला ते छान असलं तरी पोलादावर पोलाद घासतं तिथे टिकत नाही, हा पुढचा धडा.

दुसरी चूक स्वयंपाकघरातली. एकदा तेल संपलं म्हणून खोबरेल वापरलं. उन्हाळा सुरळीत गेला. जानेवारीत सकाळच्या सरावाला एक मुलगी म्हणाली, “काका, ट्रिगर झोपेत आहे.” खोबरेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं, हे कल्याणात थंडीतली बाटली पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे, मलाही होतं. ट्रिगर उघडला तर पांढरट गोळा, आणि कोपऱ्यात काकवीसारखा तपकिरी चिकटा. बरीच खाद्यतेलं हवेत हळूहळू घट्ट होत जातात. तो चिकटा रॉकेलमध्ये भिजवून काडीने कोरून काढावा लागला.

तिसरी चूक सर्वांत महाग पडली, कारण ती मी वाचून केली. नव्या निसरड्या पदार्थांचं मला वेडच लागलं होतं. टेफ्लॉन 1938 साली रॉय प्लंकेट यांना अपघाताने सापडलं, त्याचा घर्षणांक 0.05च्या आसपास. कोरड्या पोलादावर पोलादाचा 0.6च्या वर जातो. अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत 1999मध्ये बोरॉन, ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचा एक पदार्थ अतिकठीण असल्याचं आढळलं, त्यापासून केलेल्या संमिश्राचा 0.04. हिऱ्यासारख्या कार्बनचे काही लेप तर हजाराव्या हिश्शापर्यंत जातात. हे आकडे मी मुलांना भक्तिभावाने ऐकवायचो. जितका आकडा लहान तितकी बंदूक चांगली, असं माझं साधं गणित होतं.

त्या गणितानुसार मी एका मुलाच्या एअर पिस्तुलाच्या ट्रिगरच्या खाचेत मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट घासली. जिल्ह्याच्या स्पर्धेत तपासणीला पिस्तूल उभं धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन टांगतात. चाप न सुटता ते उचललं गेलं पाहिजे. मुलगा पडलेल्या चेहऱ्याने परत आला. “काका, वजन उचलतच नाही. आधीच सुटतं.” ट्रिगरचं वजन ठरवण्यात घर्षणाचाही वाटा असतो आणि तो वाटा मी काढून घेतला होता. स्क्रू फिरवून वजन वाढवलं, पिस्तूल पास झालं, पण ज्या चापावर त्याचं बोट महिनोन्महिने बसलं होतं तो आता राहिला नव्हता. त्याचे गुण पडले. तो मला काही बोलला नाही. त्याची आई बोलली, आणि बरोबर बोलली.

त्याच भरात मी एक रायफल पूर्ण कोरडी केली. सगळं तेल धुऊन टेफ्लॉनचा फवारा मारला, ॲल्युमिनियमच्या भागावर ग्रॅफाइटची भुकटी चोळली आणि फोम लावलेल्या पेटीत बंद करून ठेवली. जून-जुलै गेला. पेटी उघडली तर नळीवर बोटांचे ठसे गंजाने उमटलेले, आणि ॲल्युमिनियमवर पांढरे फोड. खाडीकाठचं गाव, पावसाळ्यातली हवा पिळून पाणी काढावं अशी. त्यात फोम ओल धरून ठेवतो. टेफ्लॉनचे कण निसरडे असतात, पण त्यांच्यामधल्या फटींतून ओल आत जाते. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं, त्यामुळे ओल मिळाली की ॲल्युमिनियमशी त्याची जणू बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्या काळ्या पेस्टमधलं मॉलिब्डेनम डायसल्फाइड निर्वात जागेत उत्तम चालतं, म्हणून उपग्रहांत वापरतात. दमट हवेत त्याचा निसरडेपणा घटतो. प्रयोगशाळेतला आकडा खोटा नव्हता. तो कल्याणच्या जुलैतला नव्हता, एवढंच.

वंगण निवडताना फक्त निसरडेपणा बघणं ही चूक आपल्या इतिहासात याहून फार मोठी झाली आहे. एनफिल्ड रायफलीचं कागदी काडतूस नळीतून सहज खाली उतरावं म्हणून त्याला चरबी आणि मेणाचं वंगण होतं. यंत्राच्या दृष्टीने ते ठीक होतं. पण ते काडतूस दातांनी तोडायचं होतं, आणि चरबी कुठल्या जनावराची याची फिकीर कुणी केली नाही. जानेवारी 1857मध्ये दमदमला कुजबुज सुरू झाली. शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं अशी मुभा सरकारने दिली, तोवर विश्वास उडाला होता. पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही ही काडतुसांची हकिकत येते. आजही .22च्या शिशाच्या गोळीला मेणाचा थर असतो. नेमबाज स्पर्धेआधी काही फैरी झाडून नळीत तो बसवून घेतात. मी नळी चकचकीत पुसून द्यायचो आणि पहिल्या फैरी भरकटल्या की मुलांना दोष द्यायचो. हेही माझ्याच खात्यावर.

आता टेबलावर तीनच बाटल्या आहेत. ट्रिगरच्या सांध्यांना शिलाई मशीनचं हलकं तेल, सुईच्या टोकावरचा थेंब. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस. बाहेरच्या पोलादाला गंजरोधक तेलाचा ओला फडका, सराव संपल्यावर, घामाचे हात लागले म्हणून. ट्रिगरच्या खाचेला उत्पादकाने सांगितलं असेल तरच काही लावतो. पावसाळ्यात रायफल पेटीत ठेवू देत नाही. कपाटात उभी, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पुड्या दर आठवड्याला तव्यावर तापवून कोरड्या करायच्या. नवे लेप वाईट नाहीत. कारखान्यात नीट चढवलेला हिऱ्यासारखा कार्बन दट्ट्यावर उत्तम काम देतो. तो डब्यातून फवारून मिळत नाही, हे समजायला मला एक नळी घालवावी लागली.

परवा एका वडिलांनी विचारलं, “काका, सर्वांत चांगलं तेल कुठलं?” मी म्हटलं, कुठल्या जागेला ते आधी सांगा. त्यांना वाटलं मी टाळतोय. तेवढ्यात त्यांनी आणलेली महागडी बाटली माझ्या हातात आली, आणि खरं सांगायचं तर, मागचं लेबल वाचताना मला पुन्हा मोह झाला.