अंतर आणि वेळापत्रक

केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला की मनुष्य प्रथम नकाशा उघडतो. गावापासून नव्या ठिकाणापर्यंत किती किलोमीटर पडतात हे मोजतो आणि त्यावरून आपल्या नशिबाची प्रत ठरवितो. कोचीचा हुकूम आला तेव्हा आम्हीही तेच केले. परंतु हे माप अपुरे आहे, असे २०१९ च्या फेब्रुवारीत पाच दिवस समुद्रावर काढल्यानंतर आम्हांस वाटू लागले. पुढे जे घडले त्याने ते पक्के झाले.

आम्ही चौघे होतो. एक नागपूरचे, एक साताऱ्याजवळच्या खेड्यातले, म्हणून कचेरीत नागपूरकर व सातारकर हीच त्यांची नावे. तिसरे आलप्पुळ्याचे एक मल्याळी स्नेही, आणि चौथे आम्ही. कोचीहून निघून रात्री चालावयाचे, दिवसा एकेका बेटावर उतरावयाचे आणि पाचव्या दिवशी परतावयाचे, अशी लक्षद्वीपची जहाजी सहल असते. भारतीय नागरिकासही तेथे जाण्यास परवाना लागतो. जन्मभर खिडकीच्या आतल्या बाजूस बसलेल्या चार कारकुनांनी बाहेरच्या बाजूस उभे राहून अर्ज भरावा आणि 'उद्या या' हे उत्तर ऐकावे, यातील न्याय आमच्या मल्याळी स्नेह्यांस फारच आवडला.

ज्या विलिंग्डन बेटावरून जहाज सुटते ते बंदर खोल करताना निघालेल्या गाळातून निर्माण केलेले आहे. आमची कचेरीही त्याच बेटावर. म्हणजे एका बेटाचे रहिवासी दुसरी बेटे पाहावयास निघाले होते, एवढेच! जहाज हलले, फोर्ट कोचीच्या काठावरील चिनी जाळी मागे पडली, आणि ज्या किनाऱ्यावर आम्ही चार वर्षे परकेपणाने वावरलो तो मागे वळून पाहताना प्रथमच ओळखीचा वाटला. थोड्याच वेळात भ्रमणध्वनी मुके झाले. सातारकर मात्र आपले यंत्र पुनःपुन्हा काढून पाहत होते. त्यांच्या बॅगेत एक कोरा अर्ज होता; त्याविषयी पुढे सांगू.

आमच्या वाट्यास चार निजण्याच्या फळ्यांची एक खोली आली होती. वरच्या डेकवर हौशी प्रवाशांची चित्रे घेण्याची गर्दी, जेवणास घंटा, मासळीचे कालवण आणि भात, संध्याकाळी पाण्यावरून सपकन् उडणारे मासे. असा एकंदर थाट. नागपूरकरांस मात्र पहिल्याच रात्री बोट लागली. मराठी भाषेचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते, की या पीडेत तिने दोष प्रवाशाला न देता वाहनाला दिला आहे. गाडी लागते, बोट लागते. बिचारा मनुष्य निर्दोषच राहतो. लिंबू चोखीत नागपूरकरांनी या व्याकरणास पूर्ण संमती दिली.

रात्री पाय मोकळे करावयास आम्ही खालच्या मजल्यावर उतरलो, तो तेथे निराळेच जहाज होते. लांबलचक दालनात एकावर एक फळ्या, त्यांवर बेटांची मंडळी, आणि सभोवार त्यांचा संसार: भाजीच्या टोपल्या, पंखा, औषधांचे खोके, मुलाची नवी सायकल. एका कोपऱ्यात नुकतीच बाळंतीण झालेली एक मुलगी आपल्या आईसह बसली होती. प्रसूती अवघड होईल म्हणून तिला कोचीस आणले होते आणि आता ती कल्पेनीस, आपल्या घरी, निघाली होती. वरच्या मजल्यावर जी सहल होती ती खालच्या मजल्यावर वहिवाटीची पायवाट होती.

दुसऱ्या दिवशी कवरत्ती. कोचीपासून हे सुमारे ४०० किलोमीटर. बेटाभोवती प्रवाळाचे कडे, कड्याच्या आत उथळ, निळेहिरवे, स्वच्छ पाणी. जहाज बाहेर खोल पाण्यात उभे राहिले आणि आम्हांस हात धरून लहान होड्यांत उतरविण्यात आले. लक्षद्वीप १९५६ साली केंद्रशासित झाले तरी त्याची कचेरी १९६४ पर्यंत मुख्य भूमीवर कोळिकोडास होती. आठ वर्षे बेटांच्या फायली समुद्रापलीकडे हिंडत होत्या हे ऐकून आमच्यातील कारकून गहिवरला. परंतु तेथे अधिक नवल वाटले ते पाण्याच्या कारखान्याचे. समुद्राचे वरचे कोमट पाणी हवेचा दाब कमी करून वाफेत बदलावयाचे आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून ओढलेल्या थंड पाण्याने त्या वाफेचे गोडे पाणी करावयाचे. २००५ पासून दिवसाला एक लाख लिटर पाणी देण्याची त्याची योजना आहे. चहूंकडे पाणी असून पिण्यास पाणी नाही, ही बेटाची जुनी व्यथा समुद्राच्याच थंडीने हलकी केली.

तिसऱ्या दिवशी कल्पेनी. येथील पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या दगडांची मोठी रास पसरलेली आहे. १८४७ च्या भीषण वादळात समुद्राने बेटावर भिरकावलेले हे दगड. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळानेही या बेटांस झोडपले होते. त्या बाळंतिणीची होडी आमच्या होडीबरोबरच काठास लागली. मूल तीन जणांच्या हातांतून फिरत वाळूवर पोहोचले. आम्ही मल्याळी स्नेह्यांकरवी तिच्या आईस सहज विचारले, "कोची येथून लांब पडते, नाही?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "जहाज असते त्या दिवशी जवळच आहे हो. नसते तेव्हा फार लांब."

त्या उत्तराने आम्हांस रत्नागिरीकडील आमच्या आजीची आठवण झाली. तिच्या तरुणपणी मुंबईस जाण्याची वाट म्हणजे आगबोट. बंदरात बोट बाहेर उभी राही आणि माणसे पडावातून तिच्याकडे जात, अगदी आम्ही या बेटांवर उतरलो तशीच. पावसाळा लागला की बोटी बंद. तोच समुद्र, तेच मुंबई, परंतु ज्येष्ठ-आषाढात अंतर वाढत असे. आजी मैल सांगत नसे. 'बोटी सुरू झाल्यावर' असे सांगत असे. लहानपणी आम्हांस ते अडाणीपणाचे बोलणे वाटे.

चौथ्या दिवशी मिनिकॉय. हे बेट इतरांपासून दूर दक्षिणेस, मध्ये नऊ अंशांची खाडी. १८८५ साली बांधलेल्या दीपगृहावर चढून पाहिले तेव्हा सुमारे दहा किलोमीटर लांबीची चंद्रकोर नारळीच्या झाडांनी गच्च भरलेली दिसली. इतर बेटांवर मल्याळमची बोली, येथे महल. मालदीवच्या भाषेचेच हे रूप, लिपी उजवीकडून डावीकडे धावणारी. बाजारात कोणी 'मास' म्हणाला आणि मासळी दाखविली, तीन नग सांगताना 'तिन' म्हणाला, तेव्हा आम्ही दचकलो. ही भाषा मराठीच्याच कुळातली आहे. चार वर्षे मल्याळममध्ये चाचपडल्यावर भारताच्या या टोकाशी एखादी दूरची मावशी भेटावी तसे झाले.

मिनिकॉयचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जगभरच्या व्यापारी जहाजांवर खलाशी. घरे बायका सांभाळतात. होड्यांच्या छपरीखाली एक वृद्ध खलाशी भेटले. मुंबईच्या गोदीत शिकलेल्या हिंदीत ते आमच्याशी बोलू लागले. तीस-पस्तीस वर्षे जहाजांवर गेली. सातारकरांनी विचारले, "चाचा, घरी केव्हा येत होता?" ते म्हणाले, "करार संपला की." मग आपणहून त्यांनी सांगितले की आई वारली तेव्हा त्यांचे जहाज युरोपच्या वाटेवर होते. तार पुढच्या बंदरात मिळाली. दफन होऊन बारा दिवस झाले होते. "जहाज परत कसे फिरणार?" एवढेच ते म्हणाले आणि आम्हांस शहाळी द्यावयास नातवास हाक मारली. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. सातारकरांनी शहाळे हातात घेतले, परंतु कितीतरी वेळ ते तोंडास लावले नाही.

आता त्या अर्जाविषयी. सातारकरांची आई ऐंशीच्या घरात, एकटी. स्वतःच्या विनंतीवरून पुण्यास बदली मिळणे शक्य होते, पण आपखुशीने बदली घेणाऱ्याची ज्येष्ठता जाते. नव्या ठिकाणच्या यादीत त्याने सर्वांत खाली बसावयाचे. बढती दोन वर्षांवर आलेली. परतीच्या रात्री डेकवर यावर कडाक्याचा वाद झाला. नागपूरकर म्हणाले, "अहो, दोन मुलींची शिक्षणे आहेत. दोन वर्षे कळ काढा, मग बघा. विमानाने गेलात तर सकाळी निघून संध्याकाळी घरी." हिशेब बिनतोड होता; आम्हीही मान डोलाविली. सातारकर म्हणाले, "विमान असेल त्या दिवशी." मग ते खाली गेले आणि जेवणाच्या दालनातील दिव्याखाली बसून त्यांनी अर्ज भरला. जूनमध्ये ते गेले.

२०२० च्या मार्चमध्ये ते शनिवार-रविवारपुरते गावी गेले असतानाच देशभर टाळेबंदी झाली. आगगाड्या थांबल्या, विमाने थांबली. नकाशावरचा एकही किलोमीटर वाढला नव्हता, परंतु कोचीहून सातारा गाठणे अशक्य झाले. एप्रिलमध्ये त्यांची आई वारली. ते उशाशी होते.

२०२४ च्या जानेवारीत कोचीपासून बेटांपर्यंत समुद्रतळातून टाकलेली दळणवळणाची तार सुरू झाली. आता कल्पेनीची आजी नातवाचे मुख क्षणात पाहू शकते. परंतु बाळंतिणीस हलवावयाचे तर आजही जहाजाचा वार पाहावा लागतो. नागपूरकर आता आमचे वरिष्ठ आहेत, आणि त्या रात्रीचा त्यांचा हिशेब चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. सातारकरांचे नाव पुण्याच्या यादीत अजून बरेच खाली आहे. परवा त्यांच्याशी बोलताना आम्ही त्याविषयी हळहळ व्यक्त केली. ते हसले आणि म्हणाले, "यादी काय, सरकते हळूहळू. तुमच्या आईसाहेबांची प्रकृती कशी आहे, ते सांगा." आम्ही फोन ठेवला आणि घरी जाण्यासाठी आगगाडीचे आरक्षण पाहू लागलो.