कापलेली पट्टी

आमच्या उकव्याच्या घरी देवघरात लक्ष्मीची एक तसबीर आहे. वडील इथल्या मँगनीजच्या खाणीत होते. १९५८ साली गोंदियाच्या एका विडी व्यापाऱ्याने दिवाळीला त्यांना हे कॅलेंडर दिले. वर्ष सरल्यावर आईने जाहिरातीची आणि तारखांची पट्टी कात्रीने कापली व चित्राला काच बसवून घेतली.

पुढे मला अशी जाहिरातीची जुनी चित्रे जमविण्याचा नाद लागला. भिंग लावले की जात कळते. शिळाछापात ठिपके हाताने दिलेले, वेडेवाकडे. ऑफसेटमध्ये ते कवायतीला उभे राहिल्यासारखे रांगेत. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत असाच छापखाना काढला; पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि १९७२ साली आगीत जळाला.

एका जाणकाराला ही तसबीर दाखविली. तो म्हणाला, "गुरुजी, चित्र अस्सल शिळाछाप आहे. पण व्यापाऱ्याचे नाव कापले, तिथेच किंमत गेली."

त्या दिवशी मला आईचा रागच आला. मग आठवले, पट्टीसकट राहिलेल्या कॅलेंडरांची आम्ही पोरांनी वह्यांना कव्हरे घातली होती. त्यातले एकही उरले नाही. पट्टी गेली म्हणून हिची देवी झाली, आणि देवी झाली म्हणूनच ही टिकली.

आई आता नाही. माझ्या संग्रहातली चित्रे पेटीत आहेत. ही तेवढी देवघरातच. तिच्यापुढे रोज दिवा लागतो.