आईशप्पथ!

बाबा गेल्यावर आईला कायमचं इकडे अमेरिकेत आणायचं ठरलं आणि २०१८ साली मी ग्रीनकार्डाच्या कागदपत्रांना हात घातला. त्यात एक फॉर्म होता, आय-८६४, 'अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट'. आईचा भार मी उचलीन, माझं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के आहे, आणि आईला काही ठरावीक सरकारी मदत घ्यावी लागली तर ती मी भरून देईन, असं लिहून द्यायचं. १९९६ च्या कायद्यापासून हा करार कोर्टातही बंधनकारक आहे.

फोनवर सांगितलं तर आई गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, आधीच लेकीच्या घरी राहायचं, त्यात तू मला सांभाळशील हे सरकारला लिहून द्यायचं? एवढाही विश्वास नाही का त्यांचा?"

मला उत्तर सुचेना. रात्री सहज डिक्शनरी उघडली. 'अ‍ॅफिडेव्हिट' हे मध्ययुगीन लॅटिनमधलं क्रियापद निघालं, आणि त्याच्या मुळाशी 'फिडेस', म्हणजे चक्क विश्वास! इंग्रजीत नाम झालेला हा शब्द मुळात अख्खं वाक्य आहे: 'शपथेवर सांगितले आहे'. कोणी? या लॅटिन रूपाला लिंग नाही. 'त्याने' म्हणा की 'तिने', दोन्ही बरोबर. लेक की लेकरू, हा प्रश्न त्या शब्दाला कधी पडलाच नाही!

त्याचं गणगोतही मोठं. 'फिडेलिटी' त्यातलीच, 'फियान्से'ही त्यातलाच, आणि 'फेडरल' गव्हर्नमेंटमधला 'फेडरल'सुद्धा त्याच घराण्यातला. कुत्र्याचं 'फिडो' हे नावही तिथूनच आलेलं.

दुसऱ्या दिवशी आईला हे सगळं ऐकवलं. ती हसली. "म्हणजे आपल्या वाङ्‌निश्चयासारखंच की! आणि तू तर लहानपणी ऊठसूट आईशप्पथ म्हणायचीस. मी ओरडायचे, खोटी शपथ घेऊ नकोस म्हणून."

खोटी शपथ घेतली की आई मरते, अशी तेव्हा आम्हा पोरांची ठाम समजूत होती.

फॉर्मच्या शेवटी, खोटं लिहिल्यास शिक्षा होईल, अशा अर्थाची ओळ होती. ती वाचून मला भीती वाटली नाही. मनात 'आईशप्पथ' म्हटलं आणि सही केली.

आई आता इथेच असते. परवा शेजारणीला फोनवर सांगत होती, "नंतर बोलू, आत्ता घरी पाहुणे आलेत." 'लेकीच्या घरी' नाही म्हणाली.