धुराचा माग

पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें समजावें, हें अनुमान न्यायशास्त्राच्या पहिल्या पाठांतच भेटतें. तो जुना नैयायिक पायथ्याशीं उभा राहून वर पाहत असे. आपण आतां आकाशांतून खालीं पाहतों, एवढाच काय तो फरक!

मुलीचा संसार दिल्लीस असल्यामुळें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें पाहण्याचा मला छंद, नव्हे घोर, लागला आहे. पंजाब-हरियाणाच्या नकाशावर तांबडे ठिपके उमटूं लागतात. भात कापून झाल्यावर पेटविलेलीं तीं शेतें. उपग्रहावरील यंत्र धुराची वाट पाहत नाहीं. जमिनीवरून निघणारे अवरक्त किरण मोजून तें थेट विस्तवच ओळखतें. त्या ठिपक्यांपासून निघालेला करडा पट्टा गंगेच्या मैदानावर पसरत जातो. त्या पट्ट्याखालीं माझी पांच वर्षांची नात खोकत असते.

आतां नैयायिकाची गरज उरली नाहीं, असें कोणासही वाटेल. परंतु 2024 सालीं मोठी मौज झाली. ठिपक्यांची संख्या पुष्कळच उतरली होती. धुराचें मान मात्र त्या प्रमाणांत घटलें नव्हतें. ज्या उपग्रहांवरून ही मोजदाद मुख्यत्वें होते, ते दुपारीं दीडच्या सुमारास डोक्यावरून निघून जातात. दक्षिण कोरियाचा एक उपग्रह मात्र विषुववृत्तावर सुमारें 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागीं ठाण मांडून दर दहा मिनिटांनीं पृथ्वीचें चित्र घेतो. त्याच्या चित्रांवरून उलगडा झाला: पुष्कळ शेतें पेटत होतीं, तीं दुपार कलल्यावर! धूर आहे तेथें अग्नि असलाच पाहिजे, हें त्या जुन्या पंडिताचेंच म्हणणें खरें ठरलें.

ही हकीकत मीं रंगवून घरीं सांगितली, तेव्हां आमच्या मंडळींनीं शांतपणें विचारलें, "अहो, पण वेळ चुकवून जाळण्याची पाळी त्यांच्यावर कां आली, तें दिसतें का तुमच्या चित्रांत?"

तें दिसत नाहीं. भूगर्भांतलें पाणी वांचावें म्हणून पंजाबांत 2009 च्या कायद्यानें भाताची लावणी पुढें ढकलली. तिच्यामागून कापणीही लांबली. यंत्रानें कापलेल्या भाताचे खुंट शेतांत उभेच राहतात, आणि गहूं पेरावयास जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. ते खुंट काढावयास मजूर परवडत नाहीं, आगपेटी परवडते. आपल्याकडेही ऊंस तुटल्यावर पाचट पेटवितातच कीं! शिवाय, त्या शेताच्या कडेला ज्याचें घर आहे, त्यालाही एखादी नात असेल. पहिला धूर तिच्याच छातींत जातो.

दंड ठोठावण्यास नकाशावरचा तांबडा ठिपका पुरेसा आहे. उपाय शोधावयाचा, तर अग्नीपासून त्याच्यामागच्या नडीपर्यंत आणखी एक अनुमान करावें लागतें. आणि त्यासाठीं आकाशांतून खालीं उतरून शेताच्या बांधावर उभें राहिल्यावांचून गत्यंतर नाहीं.