मिलानचा चुकलेला पेला

बडोदेकराने मद्याच्या पेल्याविषयी लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. दारूबंदीच्या राज्यात जन्म गेलेल्या मला त्या विषयातले कळते तरी काय? परंतु गेल्या चैत्रात मिलान शहरी लेकीकडे गेलो असता एका संध्याकाळी जे घडले, त्यात पेला केवळ निमित्तमात्र होता.

लेक बारा वर्षांपूर्वी स्थापत्यशास्त्र शिकावयास तेथे गेली आणि एका इटालियन सहाध्यायाशी विवाह करून तेथेच राहिली. ‘तू चुकलीस,’ एवढेच मी तेव्हा पत्रात लिहिले होते. पुढे नात झाली, येणेजाणे सुरू झाले. पण तो शब्द मी कधी परत घेतला नाही आणि तिने त्याची कधी आठवण दिली नाही.

त्या संध्याकाळी जावयाने आम्हा उभयतांना नाविल्यो ग्रांदे या कालव्याच्या काठी एका भोजनगृहात नेले. मिलानचे भव्य कॅथीड्रल 1386 साली बांधावयास घेतले, तेव्हा त्याचा संगमरवर माज्जोरे सरोवराकडून याच जलमार्गाने नावांतून येत असे. आता त्या संथ पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबे तेवढी हलत होती.

भोजनापूर्वी काही कडवट पेय घेण्याची तिकडे रीत आहे. जावयाने आपल्यासाठी लालबुंद रंगाचा, बुडबुडे फुटणारा एक पेला मागविला. मीही एक घोट घेतला. आधी गोडसर आणि मागून थेट काडेचिराइताची आठवण देणारी चव! हा कडवटपणा मुख्यतः कांपारीचा. ती 1860 सालापासून निघते. जोडीला व्हर्मुथ. चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो, त्याच्याच कुळीतल्या एका वनस्पतीने सुगंधित केलेले हे द्राक्षमद्य. यांत जिन मिसळली की ‘नेग्रोनी’ होते. पण 1972 च्या सुमारास याच शहरातल्या बार बास्सोत मिर्को स्तोक्केत्तो यांच्या हाती जिनऐवजी फसफसणाऱ्या द्राक्षमद्याची बाटली आली, असे सांगतात. पिणाऱ्यांना ती चूकच आवडली आणि नवे पेय रूढ झाले.

“नाव काय याचे?” मी विचारले.

“नेग्रोनी स्बाल्यातो,” जावई म्हणाला.

“म्हणजे?”

त्याने लेकीकडे पाहिले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “चुकलेला, बाबा.”

कोणीच काही बोलले नाही. सौ. कालव्याकडे पाहू लागली.

तेवढ्यात केशरी रिसोत्तो आला. साखरभात समजून सौ.ने घास घेतला आणि खारट चीज लागताच ती खुदकन हसली. या भातात मांसाचे पाणी आणि हाडांतला मगज घालण्याची प्रथा आहे. मी साशंकपणे चमचा फिरवू लागलो, तोच लेक म्हणाली, “खा निर्धास्त. भाज्यांच्या पाण्यात केलाय. यांनी सकाळीच येऊन सांगून ठेवलंय. शिजताना पाहूनही आले मघाशी.”

जावई मान खाली घालून पाव मोडत होता. आमचे मराठी त्याला कळत नव्हते. विषय मात्र कळला असावा.

मी चमचा खाली ठेवला. “अगं, त्या पत्रात मी जो शब्द लिहिला होता...”

“माहीत आहे, बाबा,” ती हळूच म्हणाली. “जेवा आधी. भात निवतोय.”