हाती येईल तो अंक

दिवाळी आठवड्यावर आली की वाचनालयाच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलं जायचं: दिवाळी अंक योजना सुरू. नेहमीच्या वर्गणीखेरीज थोडे पैसे भरायचे आणि थेट होळीच्या सुमारापर्यंत वाचवतील तेवढे अंक वाचायचे. एका वेळी एकच अंक मिळे, तोही दुसऱ्या दिवशी परत करण्याच्या अटीवर. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या वाचनालयांत ही योजना थोड्याफार फरकानं अशीच चाले, आणि पुष्कळ ठिकाणी आजही चालते. आता ज्याला ‘रीडिंग चॅलेंज’ म्हणतात ते आम्ही पावती फाडून करत होतो, आणि त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ही मराठी घराची रीत झाली. पण सगळे अंक विकत घेणं कुणाला परवडणार? आमच्या घरी एखादा विकत यायचा, बाकीची मदार योजनेवर. आणि योजनेत आपल्याला हवा तो अंक कधीच जागेवर नसे.

मला रहस्यकथा हव्या असत, म्हणजे ‘धनंजय’. नाहीतर अनंत अंतरकरांचा ‘नवल’. काउंटरवरचे काका मान वर न करता म्हणत, “बाहेर गेलाय. हा ने.” ‘हा’ म्हणजे खाकी कागदाचं कव्हर घातलेला ‘साधना’ किंवा ‘मौज’. रिकाम्या हाती परतणं म्हणजे एक दिवस फुकट, म्हणून नेला जायचा. रात्री दुसरं काही वाचायला नसल्यामुळे धरणग्रस्तांवरचा दीर्घ लेख वाचून व्हायचा, मग परिसंवाद, मग कुठल्याशा अवघड कवीच्या दोन कविता. कवितांचं तर असं की गोष्ट संपून पानावर जागा उरली की तिथं कविता असायची. ती टाळून पान उलटणं जमत नसे. मी कविता वाचायला लागले ती अशी, संपादकांच्या जागा भरण्याच्या सोयीमुळे.

उलट प्रकारही व्हायचा. आई ‘माहेर’ आणि ‘मेनका’ची वाचक. एकदा तिच्या पदरात ‘धनंजय’ पडला आणि स्वयंपाक उशिरा झाला. वडील विनोदी अंकांना नाकं मुरडत, पण ‘आवाज’ घरात आला की तो आधी त्यांच्याच खुर्चीत सापडे. त्यातली खिडकीचित्रं आमच्यापर्यंत येईतो खिडक्यांची दारं निखळलेली असत, शब्दकोडी कुणीतरी शाईनं सोडवलेली असत, वार्षिक भविष्याची पानं हाताळून मऊ पडलेली असत.

आज मला ‘धनंजय’ हवा असेल तर फोनवर दोन मिनिटांत मागवता येतो. अंकांचे संच सवलतीत घरपोच येतात, ई-आवृत्त्या निघतात, ऐकायचं असेल तर तीही सोय आहे. तक्रार करण्यासारखं यात काहीच नाही. ते हातात धरवेना असे कळकट अंक मला परत नकोत. पण हवं तेच मिळायला लागल्यापासून मी तेच ते वाचू लागले हेही खरं. एक रहस्यकादंबरी घेतली की विक्रेत्याचं संकेतस्थळ आणखी वीस रहस्यकादंबऱ्या पुढे करतं. “बाहेर गेलाय, हा ने” म्हणणारं तिथं कुणी नाही.

म्हणून भाचीनं नातेवाइकांच्या ग्रुपवर वाचनाचा तक्ता टाकला तेव्हा मी नाव दिलं. सुरुवात १५ ऑक्टोबरला, म्हणजे अब्दुल कलामांच्या जयंतीला. २०१५ पासून राज्यात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. शेवट संक्रांतीला. तक्त्यात चौकोन: एक अनुवाद, एक स्त्रीचं आत्मचरित्र, एक विज्ञानाचं, एक स्वातंत्र्यापूर्वीचं, एक कवितासंग्रह. अनुवादाच्या चौकोनापायी भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णींनी मराठीत आणलेलं, अखेर कपाटातून खाली उतरलं. इतकी वर्षं मी त्याच्या जाडीला भीत होते. आत्मचरित्रासाठी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावं असं मनात होतं, पण भाची म्हणाली, “मावशी, वाचलेलं चालणार नाही.” मग बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ घेतलं. ते मी आजवर वाचलं नव्हतं, कारण ते कुणी माझ्या हातात कोंबलं नव्हतं.

आकड्यांचा सोस मात्र मला मानवत नाही. गुडरीड्सवर जानेवारीत आकडा जाहीर करायचा आणि डिसेंबरात तो गाठण्यासाठी पातळ पुस्तकं शोधायची, ह्यात वाचन कुठे आहे? आमच्या ग्रुपवरही काही जण मुखपृष्ठाचा फोटो आणि शेजारी कॉफीचा कप एवढ्यावर चौकोन रंगवतात. योजनेतही असे वीर होतेच म्हणा. पैसे वसूल करायचे म्हणून संध्याकाळी अंक नेऊन सकाळी परत करणारे एक गृहस्थ मला आठवतात. त्यांना आतलं काही विचारायची सोय नव्हती.

दुसरी अडचण अशी की चौकोन बाहेरून ठरला तरी त्यात बसणारं पुस्तक शेवटी आपणच निवडतो. विज्ञानाच्या चौकोनात माझ्या भावानं क्रिकेटच्या चेंडूच्या स्विंगवरचं पुस्तक बसवलं, आणि नियमाला धरून ते बरोबरच होतं. तेव्हा मी यंदा एक चौकोन वाढवायला लावला. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक पुस्तक कागदात गुंडाळून दिवाळीच्या जेवणाला आणायचं, चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याला जे येईल ते त्यानं वाचायचं. बदलून मिळणार नाही. बरीच कुरकूर झाली. वहिनीच्या वाट्याला शेअरबाजार आला, भाचीला एकनाथी भागवत, भावाला पाककृती. मला मधमाशीपालनावरचं आलं. राणीमाशी कशी ओळखावी इथपर्यंत वाचून झालंय.